दहांच्या जागी पाचच

श्रोतेहो, नमस्कार. छोट्या शाळा एकत्र केल्या की पोरांच्या खेळाचं काय होतं, ते आज बघू.

अमेरिकेत, इंडियाना राज्यात मायलन नावाचं गाव आहे. १९५४ साली तिथल्या हायस्कुलाचा पट होता १६१, मुलं-मुली धरून. त्या वर्षी राज्याच्या बास्केटबॉल स्पर्धेत साडेसातशे शाळा उतरल्या होत्या, लहान-मोठ्या सगळ्या एकाच रांगेत. अंतिम सामन्यात मायलनसमोर होती मन्सी सेंट्रल, पटानं दहापट मोठी. शेवटच्या डावात, संघ दोन गुणांनी मागे असताना, मायलनचा बॉबी प्लम्प चेंडू हातात घेऊन चार मिनिटांहून अधिक वेळ नुसता उभा राहिला. ना पास, ना टप्पा. प्रेक्षकांचं काय झालं असेल, विचार करा! शेवटची टोपलीही त्यानंच टाकली. ३२-३०.

पुढं १९५९ मध्ये तिथं शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा आला आणि गावोगावची छोटी हायस्कुलं एकमेकांत मिसळली. १९९७ मध्ये ती खुली स्पर्धा शेवटची झाली, तेव्हा उतरणाऱ्या शाळा जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. त्यानंतर पटानुसार चार गट पडले.

आता हिशेब बघा. दोन गावांच्या दोन शाळा, म्हणजे मैदानात पाच आणि पाच, दहा पोरं. शाळा एक झाली की पाच. मुलं तितकीच, जागा निम्म्या. उरलेल्यांनी बाकावर बसायचं, नाहीतर घरी जायचं. शिवाय संघाचं नाव कोणतं, बनियनचा रंग कुठल्या गावचा, यावरून भांडणं. हसू नका, आपल्याकडे पालखीच्या मानावरून काय होतं ते ठाऊक आहे.

पण दुसरी बाजूही आहे. प्लम्प मुळात मायलनचा नव्हेच, शेजारच्या पिअर्सव्हिल या इवल्याशा वस्तीतला. त्या वस्तीतली पोरं मायलनच्या शाळेत आली नसती, तर तो संघही जमला नसता. जिथं अकरा जणच जमत नाहीत, तिथं फुटबॉल कसला? म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. त्यावर अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात १९३४ मध्ये स्टीफन एपलर या शिक्षकानं सहा जणांचा फुटबॉल काढला. शाळा मोडण्याऐवजी खेळच कापून बेतला. मला हा माणूस फार आवडतो.

आपल्याकडेही २०२३ मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. वीस पोरांतून कबड्डीचे बारा जण निवडायचे म्हणजे चौथीतलाही चढाईला जाणार. एकत्र आल्यानं संघ होईल, हे खरंच. पण सराव असतो शाळा सुटल्यावर, आणि वस्तीवरच्या पोराची गाडी सुटते शाळेबरोबरच. मुलीच्या घरचे तर अंधार पडायच्या आत वाट बघतात.

तुमच्या गावी असा प्रस्ताव आला, तर इमारत किती मजली ते नंतर विचारा. आधी विचारा, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता?