बारापर्यंतच मोजता येतं? चालेल!

बातम्या बघून बघून आपल्यातले बरेच जण शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात, की बाबा प्रश्न एवढा मोठा आणि मी एकटा, माझ्याच्याने काय होणार? हा आळस नाहीये. मनापासून वाईट वाटतं म्हणूनच हात गळतात.

आता गडचिरोली बघा. १९८८ साली इथल्या गावांमध्ये जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १२१ बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत होती. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच बंद. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी इथे 'सर्च' ही संस्था काढली, पण गावोगावी डॉक्टर कुठून आणणार?

बाळं मरायची त्याचं एक मोठं कारण न्यूमोनिया. तो ओळखायचा कसा, तर बाळाचे श्वास मोजायचे, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले तर धोका. हे काम गावातल्या दाया करू शकल्या असत्या, पण अडचण अशी की त्यातल्या कितीतरी जणींना बारापर्यंतच मोजता यायचं.

इथे कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे, अडाणी बायका आहेत. तसं झालं नाही. त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन बनवलं, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकवावा लागला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. बास! बाईला शंभरपर्यंत शिकवत बसण्यापेक्षा कामच तिला जमेल एवढं केलं, मला तरी सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

पुढे ३९ गावांत जरा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, रडलं नाही तर श्वास सुरू करून द्यायचा, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा त्याच देणार, ज्या बायकांनी आधी कधी सिरिंज हातात धरली नव्हती त्या! तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई अशाच घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतायत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा त्या घरी येतात. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर पुढच्या वेळी ताई आली की तिला बसवून घ्या, श्वास कसे मोजायचे ते तिच्याकडून शिकून घ्या, आणि शेजारच्या घरी पोटुशी बाई असेल तर तिलाही बोलवा.