धावपट्टीची पागडी

[दृश्य: जरीमरी, मुंबई विमानतळालगतची वस्ती. पत्र्याच्या छपरांवरून उतरणारं विमान.]

जरीमरीत बोलता बोलता माणसं थांबतात. डोक्यावरून विमान जातं, मग वाक्य पुढे सुरू होतं. ऐन गर्दीच्या वेळी असं दर अडीच-तीन मिनिटांनी. मधल्या वेळेत त्याच धावपट्टीवरून दुसरं एखादं उडालेलं असतं.

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालवायची. त्या एकीवर 8 डिसेंबर 2018 रोजी चोवीस तासांत 1,007 विमानांची ये-जा झाली. गर्दीच्या तासाला 46 विमानं हाताळली जायची. विमानं आकाशात घिरट्या घालू लागली, तेव्हा 2024 मध्ये हा आकडा 44 वर आणला गेला.

म्हणजे तासाला चव्वेचाळीस जागा. या जागेला, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळेला, म्हणतात स्लॉट. तो मिळाला आणि हंगामात किमान 80 टक्के वापरला, की पुढच्या वर्षी त्याच हंगामात तो पुन्हा तुमचाच. गिरगावातली पागडीची खोली आठवा. खोली दहा बाय बाराची का असेना, सोडतं कोण?

लंडनच्या हीथ्रोला तर स्लॉट विकले जातात. 2016 मध्ये ओमान एअरने तिथल्या उतरण्या-उडण्याच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. आपल्याकडे अशी विक्री चालत नाही. इथे खोली सहसा रिकामी होते ती भाडेकरू बुडाला तरच. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि मुंबईतल्या तिच्या वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या. ज्यांच्याकडे विमानं तयार होती, त्यांचं फावलं.

[दृश्य: नवी मुंबईतलं उलवे. कापलेला डोंगर, पलीकडे 3,700 मीटरची धावपट्टी.]

25 डिसेंबर 2025. सकाळी बंगळुरूहून आलेलं इंडिगोचं विमान नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर उतरलं. सोबत एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा आणि स्टार एअर. सुरुवातीला कामकाज सकाळी आठ ते रात्री आठ, एवढंच.

ही यादी नीट पाहा. स्वस्त तिकीटवाल्या नाहीतर लहान कंपन्या, आणि उड्डाणं देशांतर्गत. अमेरिका-युरोपला जाणारा प्रवासी सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, विमान बदलतो. त्याला सामानासकट उलव्याहून सहारला कोण धाडणार? शिवाय बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) साहेबाला दिल्लीची सकाळी सातची फेरी हवी आणि रात्री घरी जेवायला परतायचंय. अशी फेरी कंपनी जुन्या पागडीतच ठेवते. नव्या जागी जाते ती वाढीव फेरी, जिला सहारला वेळच मिळाली नसती. पनवेल, वाशी, ठाण्याच्या पट्ट्यातला, झालंच तर पुण्याकडचाही प्रवासी तिथे मिळतो, हा हिशोब आहेच. पण नव्या जागेचं प्रवासी शुल्क जास्त, आणि ते शेवटी तिकिटातच चढतं.

यात एक गंमत आहे. मुंबई आणि नवी मुंबई, दोन्हींत 74 टक्के वाटा अदानी समूहाचा. भाडेकरू या चाळीतून त्या चाळीत गेला तरी घरमालक तोच. याला स्पर्धा म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

गोव्यात खरी स्पर्धा दिसली. दाबोळी या जुन्या विमानतळाची धावपट्टी नौदलाची. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास घरमालक दार लावून घ्यायचा. जीएमआर कंपनीचं मोपा विमानतळ 5 जानेवारी 2023 रोजी सुरू झालं. त्याच वर्षी एअर इंडियाने लंडन-गॅटविकचं विमान तिकडे हलवलं, पुढच्या वर्षी कतार एअरवेजही गेली. इंडिगोने मात्र दोन्हीकडे बिऱ्हाड ठेवलं. तिला परवडतं.

[दृश्य: उलव्याची धावपट्टी, संध्याकाळ.]

नवी मुंबईतही आज धावपट्टी एकच आहे. दुसरी व्हायची आहे, पण ती समांतर असेल. दोन्हींमध्ये दीड किलोमीटरचं अंतर, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू शकतील. सहारला हे कधीच जमणार नाही.

तोवर तिकीट काढताना कोड बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे. सहारच्या दारात उतरल्यावर चूक कळली, तर अटल सेतूसुद्धा तुमचं विमान गाठून देणार नाही.