गाडीच्या बॅटरीवर घर आणि हत्यारं

नमस्कार श्रोते हो.

देखभालीसाठी उद्या चार-पाच तास लाइट बंद, असा मेसेज आला की आपण घरातल्या इन्व्हर्टरकडे बघतो. बारा व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची त्याची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या बॅटरीच्या नेक्सॉन ईव्हीत ४५ युनिट असतात. पंचवीसपट! म्हणून लोक विचारतात, घर त्या गाडीवर चालवलं तर? आणि साइटवरचा ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग?

चालतं. पण टाकी मोठी आणि तोटी लहान, हे आधी डोक्यात बसवा. गाडीत युनिट कितीही असले तरी बाहेर येणारी वीज ठरलेली असते. चार्जिंगच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावून गाडीतून २३० व्होल्ट बाहेर घ्यायची सोय नेक्सॉन ईव्हीत २०२३पासून मिळते, ती ३.३ केव्हीएची, म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच किलोवॅटची. ह्युंदाईच्या आयोनिक ५मध्ये ती ३.६ किलोवॅट आहे. २३० व्होल्टला हे होतात साधारण १४ ते १६ अँपिअर, म्हणजे घरातलं गीझरचं एक सॉकेट. इंटरनेटवर फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग ट्रकवर अख्खं घर चालताना दिसतं. त्या ट्रकमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज निघते, तीही अमेरिकेतली, १२० आणि २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथले आकडे आपल्या घराला लावू नका.

आपल्याकडे तुर्भ्याच्या बाजारात किंवा वागळे इस्टेटमध्ये धावणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक टेम्पोंचं काय? टाटाच्या एस ईव्हीसारख्या गाडीत २१.३ युनिटची बॅटरी असते, पण २३० व्होल्ट बाहेर देण्याची सोय या वर्गात सहसा नसते. मग काही जण टेम्पोच्या दिवे-हॉर्नसाठी असलेल्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला बाजारातला हजार वॅटचा इन्व्हर्टर लावतात. पूर्ण लोडला तो जवळजवळ १०० अँपिअर ओढतो. ती बॅटरी त्यासाठी नसतेच. ती बसली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, लागत नाहीत, आणि ऐंशी टक्के चार्ज असलेला टेम्पो जागचा हलत नाही. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरला तर हातच लावायचा नाही. तिच्यात शेकडो व्होल्ट डीसी असतो, आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की घरातल्या एसी विजेच्या ठिणगीसारखी आपोआप तुटत नाही.

आता घराचा हिशेब. चार साधे पंखे ३०० वॅट, फ्रिज सरासरी ८०, दिवे ६०, टीव्ही आणि वायफाय मिळून १००. झाले साडेपाचशेच्या आसपास. शिवाय वीज देताना गाडी स्वतः जागी असते, तिचे दोनशे वॅट धरा. दहा तासांत साडेसात युनिट गेले, म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा पल्ला. सकाळी गाडी घेऊन ऐरोलीहून फोर्टला जायचं असेल तर हे लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत किती टक्क्यांवर पुरवठा थांबवायचा ते ठरवता येतं, ते आधी ठरवून ठेवा.

एवढ्याच कामासाठी छोट्या पेट्रोल जनरेटरला चार-पाच लिटर पेट्रोल लागलं असतं, आवाज आणि धूर वेगळाच. गाडीला धूर नाही, त्यामुळे बंद गॅरेजमध्येही ती लावता येते. जनरेटरच्या बाबतीत ते जिवावर बेततं.

तोटी लहान असल्याचा खरा त्रास मोटारी देतात. एक एचपीचा पाण्याचा पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट. गाडी तेवढं देत नाही, पुरवठा लगेच ट्रिप होतो. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीचंही तेच. इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू वेग घेतो, म्हणून दीड टनाचा एक एसी आणि पंखे सहज निभतात. दोन एसी नकोत. ट्रिप झालं की आधी सगळी उपकरणं बंद करा, मग पुरवठा सुरू करा आणि सर्वांत मोठी मोटार पहिली लावा. फ्रिज आधी, पंखे नंतर.

दोन लपलेले लोड हमखास विसरतात. एक गीझर, दोन हजार वॅटचा, जो स्विच चालू राहिला असेल तर आपोआप पेटतो. दुसरा घरचाच इन्व्हर्टर. गाडीची वीज आली की त्याला वाटतं लाइट आली, आणि तो आपली बॅटरी भरायला लागतो. दोन-अडीचशे वॅट तिथेच जातात. त्याचा मेन इनपुट बंद ठेवा.

घरात ही वीज न्यायची कशी? सर्वांत सोपं म्हणजे गाडीपासून एक्स्टेंशन बोर्ड आणून फ्रिज, पंखा थेट त्यावर लावायचा. संपूर्ण डीबीला, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीला, जोडायचं असेल तर दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि एका बाजूचा संपर्क तुटल्याशिवाय दुसरीकडे लागत नाही. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती भिंतीच्या सॉकेटमध्ये घालणारे महाभाग आजही भेटतात. अशी वीज मीटरमधून उलट ट्रान्सफॉर्मरकडे जाते, तिथे ती ११ हजार व्होल्ट होऊ शकते, आणि बंद लाइनवर काम करणारा लाइनमन त्यात जातो. छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर ते चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूलाच राहायला हवं. गाडीच्या बाजूला आलं तर सोलरचा इन्व्हर्टर गाडीलाच ग्रिड समजून तिच्यात उलटी वीज ढकलू पाहील.

चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला मात्र याचा उपयोग नाही. बेसमेंटमधून डक्टने वायर वर नेण्याचा विचारही करू नका. लिफ्ट थ्री फेजची असते, तीही चालणार नाही. सोसायटीचं ऑफिस, गेटचे दिवे, सीसीटीव्ही, खाली मोबाइल चार्जिंग, एवढं जमतं. खरा फायदा रो-हाऊसला, तळमजल्याच्या दुकानाला आणि गाळ्याला.

फॅब्रिकेशनवाल्यांनी हे ऐका. चार इंची ग्राइंडर ८५० वॅटचा, छोटा रोटरी हॅमर आठशेचा. दोन्ही एकत्र चालतात. चौदा इंची कटर मशीन दोन हजारांच्या वर जातं, ते एकटंच चालवा. वेल्डिंगमध्ये फसगत होते ती अशी. अडीच एमएमचा रॉड ८५ अँपिअरवर लावला तर आर्कला दोन किलोवॅट लागतात. पण इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा पॉवर फॅक्टर कमी, ०.७च्या आसपास, म्हणजे खऱ्या कामाच्या मानाने ते करंट जास्त ओढतं. नुकसान धरून गाडीकडून मागणी होते ३.४ केव्हीएच्या आसपास. गाडी ३.३ची, म्हणजे रॉड लागला की ट्रिप! दोन एमएमचा रॉड घ्या, ५५ अँपिअरवर ठेवा. मागणी दोन केव्हीएच्या आसपास येते आणि ग्रिल, गेटचं पातळ काम निघतं. जाड चॅनेलला जनरेटरच आणा.

वायर तीन कोरची, २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या. तीस मीटरवर १४ अँपिअरला सात व्होल्ट पडतात. १.५ची घेतली तर अकरा पडतात आणि वायर तापते. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर आतली वेटोळी वितळतात.

शॉकबद्दल एक बारीक गोष्ट, जी इलेक्ट्रिशियनकडूनही सुटते. काही गाड्यांच्या आउटपुटमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. अशा पुरवठ्यावर पहिल्या गळतीला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. तिचं टेस्ट बटण दाबलं तर मात्र ती पडते, कारण ते बटण अर्थिंग वापरतच नाही. म्हणजे बटणावरून सगळं ठीक आहे असं समजू नका. स्वतःच न्यूट्रल अर्थिंगला जोडूही नका, गाडी त्याला गळती समजून पुरवठा तोडू शकते. तुमच्या मॉडेलमध्ये काय रचना आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण असलेलीच हत्यारं वापरा.

पावसाळ्यात अ‍ॅडॉप्टर आणि बोर्ड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा हौद्यात ठेवा. वायरला सॉकेटच्या आधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, पिनांपर्यंत जाणार नाही. काम संपल्यावर आधी हत्यारं बंद करा, मग गाडीतला पुरवठा, आणि शेवटी अ‍ॅडॉप्टर काढा. लोड चालू असताना तो ओढला तर पिना जळतात, आणि मग चार्जिंगलाही त्रास होतो.