गॅट्सबीच्या मेजवानीचं खरकटं

(दृश्य: न्यूयॉर्क, क्वीन्स. टेनिसची मैदानं, उंचावरून.)

दर वर्षी ऑगस्ट संपता संपता जगभरचे टेनिसवेडे जिथे डोळे लावून बसतात, ती ही जागा. फ्लशिंग मेडोज. १९७८ पासून यूएस ओपन इथे होते. शंभर वर्षांपूर्वी इथे राखेचे डोंगर होते. ब्रुकलिनमधल्या भट्ट्यांत जळलेल्या कोळशाची राख रेल्वेच्या डब्यांतून यायची आणि इथल्या दलदलीत ओतली जायची. त्यातल्या एका ढिगाला तर लोकांनी चक्क 'माउंट करोना' असं नाव दिलं होतं. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या उद्यानांचे आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी हे सगळं सपाट करून घेतलं.

त्याआधी, १९२२ ते १९२४ या काळात, एक तरुण लेखक या ढिगांजवळून ये-जा करत होता. लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकमध्ये भाड्याचं घर, आणि मौजमजा मॅनहॅटनमध्ये. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड. वय सव्वीस-सत्तावीस, नाव झालेलं, पैसा येतोय आणि आल्या पावली जातोय. १० एप्रिल १९२५ ला त्याची 'द ग्रेट गॅट्सबी' बाजारात आली. आज तिच्या नावाने लोक पार्ट्या करतात, मोत्यांच्या माळा घालून फोटो काढतात. खुशाल काढावेत. पण कादंबरी जरा सावकाश वाचली, तर तिच्यात जागोजागी कुणीतरी झाडताना, पुसताना, उचलताना दिसतं. आपण आज तेवढंच बघणार आहोत: मेजवानी कुणी झोडली आणि खरकटं कुणी काढलं.

(दृश्य: समुद्रकाठचा वाडा, रात्र, दिवे.)

गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली. सांगतोय निक कॅरावे, मध्यपश्चिमेतल्या सुखवस्तू घरातला मुलगा, न्यूयॉर्कला रोख्यांचा धंदा शिकायला आलेला. महिना ८० डॉलर भाड्याचं त्याचं बेताचं घर, आणि शेजारी गॅट्सबी नावाच्या धनाढ्याचा महाल.

शुक्रवारी शहरातल्या फळवाल्याकडून संत्र्यालिंबांची पाच खोकी यायची. सोमवारी त्याच फळांच्या रिकाम्या वाट्यांचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडायचा. स्वयंपाकघरात रस काढायचं एक यंत्र होतं. अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस! फक्त त्यासाठी बटलरने आपल्या अंगठ्याने एक छोटं बटण दोनशे वेळा दाबायचं. सगळे यंत्राचं कौतुक करतात. लेखक तो अंगठा बघतो. सोमवारी एका जादा माळ्यासह आठ नोकर फडकी, ब्रश, हातोडे आणि कात्र्या घेऊन दिवसभर राबतात, रात्रीची नासधूस निस्तरतात. तोवर पाहुणे आपापल्या घरी झोपलेले. त्यातल्या कितीकांना आमंत्रणही नसायचं. गॅट्सबीची दारू पीत पीत ते कुजबुजायचे, याने म्हणे माणूस मारलाय.

वाड्यातल्या ग्रंथालयात जाड चष्म्याचा एक झिंगलेला पाहुणा पुस्तकं काढून काढून बघतो आणि थक्क होतो. पुस्तकं खरी आहेत! नुसते पुठ्ठे असतील, अशी त्याची खात्री होती. मात्र पानं कापलेली नाहीत. त्या काळी बऱ्याच पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने ती सुरीने सोडवायची. गॅट्सबीने एकही सोडवलेलं नाही. दिखावा कुठवर न्यायचा आणि कुठे थांबायचं, हे त्याला नेमकं कळतं.

एवढा पैसा आला कुठून? जानेवारी १९२० पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी होती, ती डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची. कायद्याने कोरडं आणि चिठ्ठीने ओलं, हा प्रकार मुंबईकरांना समजावून सांगायला नको. गॅट्सबी आणि त्याचा साथीदार वुल्फशाइम यांनी गल्लीबोळांतली अशी औषधाची दुकानं विकत घेतली आणि काउंटरवरून दारू विकली. २०१३ च्या चित्रपटात हा वुल्फशाइम अमिताभ बच्चन यांनी रंगवला होता. कादंबरीत त्याच्या बाह्यांना माणसाच्या दाढांची बटणं आहेत, आणि ती तो कौतुकाने दाखवतो.

(दृश्य: खाडीपलीकडचा किनारा.)

खाडीपलीकडे ईस्ट एगमध्ये टॉम आणि डेझी ब्यूकॅनन राहतात. टॉमकडे वडिलोपार्जित पैसा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने डेझीला मोत्यांचा हार दिला, किंमत साडेतीन लाख डॉलर. हा पैसा कुठून आला, असं कादंबरीत कुणीही विचारत नाही. गॅट्सबीच्या पैशाची मात्र टॉम माणसं लावून चौकशी करतो. गॅट्सबीचा गुन्हा दारू विकण्याचा नव्हताच, असं माझं मत आहे. ती दारू ईस्ट एगवाल्यांच्या पोटातही गेलीच होती. त्याचा गुन्हा एवढाच की ही कमाई फक्त तीन वर्षांची होती. तिच्यावर तीन पिढ्यांची धूळ बसली नव्हती.

आणि ती कमाई केली कशासाठी? १९१७ साली लुईव्हिलमध्ये लष्करी अधिकाऱ्याच्या गणवेशात असताना त्याला डेझी भेटली होती. गणवेशाला खिसा असतो. तो रिकामा आहे हे बाहेरून दिसत नाही. पाच वर्षांनी तो तिला आपल्या वाड्यात आणतो आणि कपाटातले विलायती शर्ट एकामागून एक तिच्यासमोर टाकत सुटतो. त्या ढिगात तोंड खुपसून डेझी रडते: इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिलेच नाहीत. पाच वर्षांच्या वाट पाहण्यावर आलेले हे अश्रू शर्टांसाठी असावेत, हे लिहायला फार थंड डोकं लागतं.

(दृश्य: राखाडी रस्ता, जुनं गॅरेज.)

आता पुन्हा राखेकडे. या ढिगांच्या कडेला जॉर्ज विल्सनचं गॅरेज आहे. त्याची बायको मर्टल ही टॉमची रखेल. तिलाही वर चढायचंय. टॉम तिला शहरात फ्लॅट घेऊन देतो, कुत्र्याचं पिल्लू घेऊन देतो, आणि डेझीचं नाव घेतलं म्हणून एका फटक्यात तिचं नाक फोडतो. पुढे एका संध्याकाळी याच रस्त्यावर गॅट्सबीच्या पिवळ्या गाडीखाली मर्टल सापडते. गाडी चालवत असते डेझी. ती थांबत नाही.

त्या रात्री टॉम आणि डेझी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेत. मध्ये थंड झालेली तळलेली कोंबडी. दोघंही खात नाहीत, पण काहीतरी ठरवतायत. बाहेर अंधारात गॅट्सबी उभा आहे. टॉमने तिला त्रास दिला तर धावून जायला! पुढे टॉम विल्सनला सांगतो की गाडी गॅट्सबीची. विल्सन गॅट्सबीला त्याच्याच तलावात गोळी घालतो आणि मग स्वतःला. ब्यूकॅनन मंडळी सामान बांधून निघून जातात, पत्ता न ठेवता.

अंत्ययात्रेला यायला माणूस मिळेना. महिनोन्‌महिने वाड्यात मुक्काम ठोकलेल्या एका पाहुण्याचा फोन येतो. त्याला विसरलेले टेनिसचे बूट पाठवून हवेत. येतो तो जाड चष्मेवाला, आणि मिनेसोटाहून आलेले गॅट्सबीचे म्हातारे वडील, हेन्री गॅट्झ (गॅट्सबीचं मूळ आडनाव हेच). त्यांच्या खिशात या वाड्याचा फोटो, कोपरे मोडलेला, हाताळून मळलेला. प्रत्यक्ष वाड्यात उभं राहून ते निकला फोटोच दाखवतात. मग मुलाचं जुनं पुस्तक काढतात. शेवटच्या कोऱ्या पानावर १९०६ सालचं वेळापत्रक: सहाला उठणे, डंबेल्स, विजेचा अभ्यास, बेसबॉल, वक्तृत्व. खाली निश्चय: एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला ५ डॉलर शिल्लक. ५ खोडून ३ केलेत. (ते पुस्तक प्रत्यक्षात १९१० साली छापलं गेलं, ही लेखकाची चूक अभ्यासकांनी केव्हाच पकडलीये.)

कादंबरीही सुरुवातीला फारशी चालली नाही. डिसेंबर १९४० मध्ये फिट्झजेराल्ड ४४ व्या वर्षी हॉलिवूडमध्ये वारला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटायला तिच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या, तेव्हा कुठे ती घरोघर पोचू लागली.

राहता राहिला निक. अंत्यविधीची धावपळ त्यानेच केली. गाव सोडायच्या आदल्या रात्री वाड्याच्या पांढऱ्या पायरीवर कुणा पोराने विटेच्या तुकड्याने खरडलेली शिवी त्यानेच बुटाने घासून पुसली. मी पाहिलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक, असं तो स्वतःबद्दल आधीच सांगून बसलाय. ऑक्टोबरात फिफ्थ अव्हेन्यूवर त्याला टॉम भेटतो. हो, विल्सनला मीच सांगितलं, टॉम म्हणतो, आणि जे झालं ते गॅट्सबीच्या लायकीचंच झालं. गाडी कोण चालवत होतं, हे निकला ठाऊक आहे. तो ते बोलत नाही. आधी नाकारलेला टॉमचा हात अखेर हातात घेतो, आणि टॉम मोत्यांचा हार घ्यायला जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो.