गल्लीतली प्रोमोतोरा

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात लोगन हाइट्स ही मेक्सिकन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. १९६३ साली वस्तीच्या मधूनच महामार्ग गेला आणि तिचे दोन तुकडे झाले. १९७०मध्ये पुलाखालची जमीन रहिवाशांनी ठाण मांडून मिळवली आणि तिथं चिकानो पार्क उभं केलं. अशी ही जिद्दी माणसं. पण मुलगी वयात आली की घरोघर एक विषय बंद व्हायचा. पंधराव्या वाढदिवसाला, किन्सेअन्येराला, सारं गणगोत जमायचं, पोरीला नटवायचं. दिवस कसे राहतात, ते कसं टाळता येतं, हे मात्र तिला कोणी सांगायचं नाही.

१९९१मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलींमागे सुमारे १०५ बाळंतपणं झाली होती. ‘त्यांची संस्कृतीच तशी,’ असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते मुळीच पटत नाही. हातात पैसा नाही, विमा नाही, दवाखान्यात गेलं तर कागदपत्रं मागतील ही धास्ती. यात संस्कृतीचा काय दोष?

नव्वदच्या दशकात या वस्तीत ‘हाब्लान्दो क्लारो’, म्हणजे ‘स्पष्ट बोलू या’, हा उपक्रम आला. त्यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट ही, की शिकवणी आधी मोठ्यांची झाली. वस्तीतल्याच बाया गर्भनिरोधनाची नीट माहिती घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलू लागल्या. मुलीनं विचारलं तर अंगावर ओरडायचं नाही, खरं ते सांगायचं, हे आईबापांनाही शिकावं लागलं. लॅटिनो वस्त्यांत अशा आरोग्यसेविकेला प्रोमोतोरा म्हणतात. आपली आशाताई गावातलीच असते ना, तशीच ही.

२०१९पर्यंत तो १०५चा आकडा २५वर आला. त्याचं मोठं श्रेय गर्भनिरोधक साधनं मुलींच्या हाती पोचली याला आहे. तरीही गोऱ्या मुलींमध्ये हाच आकडा ११ होता, म्हणजे अंतर दुपटीहून जास्त. आणि मुलग्यांशी कोण बोलणार? दोघांची जबाबदारी असताना सगळे सल्ले पोरीलाच दिले जातात, याची मला चीड येते.

घाबरलेली पोर अनोळखी दवाखान्याची पायरी सहसा एकटी चढत नाही. प्रोमोतोरा मात्र तिच्याच गल्लीत राहते, तिच्या आईला ओळखते आणि तरीही तिची गोष्ट आईच्या कानावर घालत नाही.