पिवळी फुली

(काळोख. लोखंडी फाटक ढकलल्याचा आवाज. दूर अजनीच्या बाजूला गाडीची शिटी.)

डिसेंबरातला रविवार. सकाळचे सव्वासहा. नागपूरची थंडी म्हणजे काय, ते या वेळेला गाडीवरून रिंग रोडने ड्यूटीला जाणाऱ्याला विचारावं. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आज तेवढं नाही. तरी फाटकाशी जमलेल्यांतल्या निम्म्यांच्या कानांवर मफलर आहे आणि बायकांच्या तोंडाला दुपट्टे आहेत. दुपट्ट्याला थंडी कारण म्हणून पुरते एवढंच, नाहीतर नागपूरच्या बाईचा दुपट्टा बारा महिने कामावरच असतो.

बाहेर रसवाल्याने कारलं-दुधीची मांडामांड सुरू केली आहे. आत ओपन जिमच्या लोखंडी दांड्यांवर दव साचलंय. बाग नेमकी कोणाची, यावर वस्तीत दोन तट आहेत. जुने लोक ‘एनआयटीची बाग’, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची, म्हणतात, बाकीचे ‘मनपाची’. दिवे बंद असले की मात्र ती कोणाचीच नसते.

“किती जण झाले?”

“येऊन राहिले ना बाप्पा, थांबा थोडं.”

दर रविवारी इथे पाच किलोमीटर पळतात. ज्याला पळायचं नाही तो चालतो. फी नाही, मेडल नाही, छातीवर लावायचा नंबर नाही. नाव एकदाच वहीत लिहायचं. ती वही दोनशे पानी, शाळेची, कव्हरवर गणपती.

(दृश्य: सिमेंटच्या पायवाटेवर चुन्याने मारलेली आडवी रेघ.)

ही रेघ सुरुवातीची. शेवटची रेघ इथून 120 मीटर पुढे आहे, त्या करंजाच्या झाडापाशी. दोन रेघा का, ते बांधकाम विभागातून निवृत्त झालेल्या काकांकडून ऐकावं. बागेची एक फेरी किती मीटरची, हे शोधायला त्यांनी तीस मीटरची पोलादी टेप घेतली आणि सोबत दोन पोट्टे घेतले. वाटेच्या आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेर मोजायचं, हा शर्यतींच्या मोजणीचा नियम. कारण माणूस वळणावर कडेला घासून पळतो, पण कडेवरून पळत नाही. पहिली मोजणी 607 भरली, दुसरी 611. काकांचं समाधान होईना. तिसऱ्यांदा 610 आली, ती कायम केली. आठ फेऱ्यांचे 4,880 मीटर. उरलेले 120 सुरुवातीलाच वसूल करून घेतले. मोबाइलमधलं जीपीएस 5.2 दाखवतं म्हणून दर आठवड्याला कोणीतरी वाद घालतोच. झाडांखालच्या बारक्या वळणांवर जीपीएस भरकटतं. टेप भरकटत नाही, असं काका म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. विषय संपला.

आठ फेऱ्या लक्षात ठेवणं हे पळण्याहून अवघड. बँकेत नोकरी केलेल्या एक काकू डाव्या मनगटात किराण्याच्या पुडीचे आठ रबरबँड घालून येतात. फेरी झाली की एक रबर उजव्या हातात. डावा हात मोकळा झाला की घरी जायचं. आयुष्यभर रोकड मोजलेल्या बाईचा हिशोब चुकत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांचा चुकतो.

(दृश्य: जुनं छायाचित्र वाटावं असं हिरवं मैदान, धुकं.)

कल्पना आमची नव्हे, उसनी आहे. 2 ऑक्टोबर 2004, शनिवार. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी होती. लंडनच्या बुशी पार्कात त्या सकाळी 13 जण पाच किलोमीटर पळाले. पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थाने त्यांना बोलावलं होतं. तो स्वतः पळाला नाही. दुखापतीने त्याचं पळणं बंद होतं, नोकरीही गेलेली. पळणारे मित्र तुटू नयेत म्हणून तो हातात घड्याळ घेऊन रेघेवर उभा राहिला. नंतर कॉफी, गप्पा. त्याचंच पुढे ‘पार्करन’ झालं आणि आता वीसहून जास्त देशांत दर आठवड्याला, फुकट, लाखो माणसं पळतात. आमच्या बागेचा त्या संस्थेशी काही संबंध नाही. आम्ही फक्त त्यांची रीत घेतली. त्यांचा वार शनिवार. तो इथे जमला नसता, शनिवारी सकाळी पोरांची शाळा असते आणि निम्म्या नागपूरचं ऑफिस असतं.

मला त्या गोष्टीतला उभा राहिलेला माणूस आवडतो. पळणाऱ्यांचा एवढा मोठा मेळा, आणि तो सुरू केला पळता न येणाऱ्याने.

वॉशरची युक्तीही तिथलीच. नळाच्या, नटबोल्टच्या कामात लागते ती लोखंडी चकती. बुशी पार्कात पहिल्या दिवसांत अशाच चकत्यांवर आकडे ठोकून त्या वापरल्या होत्या. आम्ही इतवारीतल्या लोहा ओळीतून शंभर वॉशर आणले. दुकानदाराने विचारलं, “पंपाचं काम आहे का?” पळायचं काम आहे म्हटल्यावर त्याने पोत्याकडे बोट दाखवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

(दृश्य: तारेत ओवलेले वॉशर, जवळून. लाल ऑइलपेंटचे आकडे, काहींचे टवके उडालेले.)

रेघेवर दोघं उभी असतात. एकजण फक्त मोबाइलचं घड्याळ दाबतो, माणूस रेघ ओलांडेल तसं एकदा. नाव बघायचं नाही, बोलायचं नाही. दुसरी बाई तारेतून ओळीने वॉशर काढून हातात देत जाते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पळणारा तो वॉशर घेऊन वहीपाशी जातो, नाव आणि आकडा सांगतो. सतरावी वेळ ती सतरा नंबर वॉशरवाल्याची. इतकं सोपं आहे. आणि इतकं सोपं असल्यामुळेच एका माणसाच्या चुकीने अख्खी यादी सरकते. कोणी रेघ दोनदा ओलांडली, कोणी वॉशर न घेता थेट माठाकडे गेलं, की मागच्या सगळ्यांना दुसऱ्याचीच वेळ लागते. एकदा मीच वॉशर खिशात घालून घरी गेलो. दुपारी वॉशिंग मशीन खडखड करायला लागलं तेव्हा कळलं. बायकोने चकती हातात ठेवून विचारलं, “याच्यासाठी पाचला उठता काय?”

(दृश्य: उजाडतंय. चाळीसेक माणसं रेघेमागे.)

सूचना एकच मिनिट. डावीकडून पळा. चालायला आलेल्या मंडळींना धक्का देऊ नका. बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा, दम लागून तोंडून शब्द फुटेना झाला तर चालायला लागा. मग शिटी.

आता मागे पाहा.

सगळ्यांच्या शेवटी, घाई नसलेल्या चालीने, एक उंच गृहस्थ निघाले आहेत. टी-शर्टच्या पाठीवर पिवळ्या चिकटपट्टीची मोठी फुली. हे रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर आणि नंतर पॅसेंजरवर. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने ‘गार्ड’ हे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. ते मॅनेजर व्हायला तयार नाहीत. “गार्डच म्हणा जी.”

गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली असते, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती शोभेची नव्हे. गाडी स्टेशनातून निघून गेली की तिथला माणूस इंजिन बघत नाही, फुली बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, एकही डबा मागे रुळावर सुटला नाही. तोवर त्या रुळावर दुसरी गाडी सोडता येत नाही.

आमच्याकडेही तसंच. पार्करनमध्ये शेवटच्या माणसाच्या मागे चालायला एक स्वयंसेवक असतोच, म्हणजे ‘सगळ्यांत शेवटी’ येण्याचा मान कायम त्याचा. आम्ही ते काम गार्डसाहेबांना दिलं आणि फुली त्यांची त्यांनीच आणली. अडचण एवढीच की बाग गोल आहे. पहिला पळणारा दुसऱ्या फेरीतच फुलीला ओलांडून जातो. “अशी गाडी मी कुठं पाहिली नाही,” गार्डसाहेब म्हणतात, “इंजिन डब्याले मागून येऊन पास होते!”

(दृश्य: वेगाने जाणारी तीन पोरं. श्वासाची वाफ.)

ही तीन पोरं वीस मिनिटांच्या आत-बाहेर येतात. मागे त्यांचं म्हणणं होतं की फाटकावर फळा लावावा, पहिल्या दहा जणांची नावं, बागेचा विक्रम कोणाचा ते. मागणी चुकीची नव्हती. वेग दिसावा असं वाटणारच, आणि त्यासाठी ती घाम गाळतात. पण बँकेतल्या काकूंनी विचारलं, “मंग माह्या नावाले जागा कुठं आहे तुमच्या फळ्यावर?” दोन रविवार भांडण चाललं. तिकडेही चाललं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पार्करनने आपल्या वेबसाइटवरून वेगाच्या विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या, त्यावर ब्रिटनमधले पळणारे चांगलेच चिडले. काढण्यामागचं कारण समजायला एक आकडा पुरतो. ब्रिटनमधल्या त्या धावांची सरासरी वेळ पहिल्या काळात 22 मिनिटांच्या आसपास होती, ती आता 32 च्या पुढे गेली आहे. लोक मंदावले नाहीत, मंद लोक आले. आमचा फळा झाला, पण त्यावर फक्त पुढच्या रविवारची वेळ असते. पोरं अजून थोडी नाराज आहेत. येतात मात्र.

वेळ लिहावी लागते, कारण नागपूरचं ऊन. मे महिन्यात शिटी सव्वापाचला. तरी रात्रीचा उकाडा तसाच अंगाला चिकटलेला असतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली. मे 2024 च्या शेवटी तर एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले आणि देशभर नागपूरचं नाव झालं. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला तसं फार आश्चर्य वाटलं नव्हतं, हेही खरं. नवतपा लागला की आठाच्या चार फेऱ्या होतात, रेघेशेजारी माठ आणि मीठ घातलेलं पन्हं येतं. कोणाकोणाच्या खिशात कांदा असतो. कांद्याने ऊन लागत नाही म्हणतात. खिशात कांदा घेऊन पळणाऱ्याला कोणी चिटकत नाही, एवढं मी पाहिलंय.

अडचणी सगळ्या हवेच्याच नव्हत्या. एका कार्यालयातून विचारणा झाली की दर रविवारी एवढे लोक जमतात, तर नोंदणी कुठे आहे, अध्यक्ष कोण, शुल्क भरणार का. अध्यक्ष नाही म्हटल्यावर साहेबांचा विश्वास बसेना. नागपुरात दहा माणसं अध्यक्षाशिवाय जमतात, हे मलाही आधी पटलं नसतं. यातही आम्ही पहिले नाही. 2016 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक गिफर्डच्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीनेच म्हणा, लिटल स्टोकच्या पार्कातल्या धावेला बागेच्या देखभालीसाठी पैसे मागितले. धाव फुकटच राहणार म्हणून आयोजक अडले आणि ती धाव बंद पडली. कौन्सिलचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, वाट झिजतेच. आमच्याकडे तोडगा निघाला तो असा की महिन्याच्या शेवटच्या रविवारी पळून झाल्यावर खराटे काढायचे.

ते खराटे एकदा बागेबाहेरही गेले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी धाव झाली नाही. सकाळी सहाला रेघेवर बावीस जण आले, कोणाच्याच पायात पळायचे बूट नव्हते. फावडी घेऊन सगळे डागा लेआउटकडे गेले. एका घरात गुडघाभर गाळातून शिलाई मशीन बाहेर काढायला चार जण लागले. वहीत त्या तारखेपुढे कोणीतरी फक्त ‘चिखल’ असं लिहिलंय.

(दृश्य: ऊन वर आलंय. रेघेवर दोघं. वाट जवळजवळ रिकामी.)

साडेसात वाजून गेले. पोरं कधीच तर्री पोह्याच्या गाडीवर पोहोचली आहेत, तिकडून तर्रीचा वास येतोय आणि घड्याळवाल्याची नजर सारखी तिकडे. पण जाता येत नाही. फुली अजून आत आहे.

पलीकडच्या वळणावर दिसतात त्या. आज पहिल्यांदा आल्या आहेत. लुगडं, पायात चपला, वर स्वेटर. डॉक्टरने साखर सांगितली म्हणून सुनेने फाटकापर्यंत आणून सोडलं. गार्डसाहेब अर्धं पाऊल मागे चालताहेत आणि बल्लारशा लाइनवरच्या कुठल्याशा मालगाडीची गोष्ट सांगताहेत.

“थकल्या असान तं बसा थोडं.”

“कायले बसू? सात झाल्या न माह्या!”

करंजाचं झाड. रेघ. घड्याळ दाबलं जातं, एक तास नऊ मिनिटं चाळीस सेकंद. वॉशर देणारी बाई तारेतून पुढची चकती काढून त्यांच्या तळहातावर ठेवते. त्या ती उलटीसुलटी करून पाहतात.

“हे काय आता? घरी न्याचं?”

“नाही नाही मावशी, न्यायचं नाही! वहीपाशी द्या.”

मागून पिवळी फुली रेघ ओलांडते. गार्डसाहेब सवयीने उजवा हात वर करतात. घड्याळवाला मोबाइल खिशात टाकतो. तारेवर वॉशर परत ओवले जातात, एक, दोन, तीन. सोळानंतर अठरा येतो.

“सतरा कोणाकडे गेला बे?”

पोह्याच्या गाडीवर फोन लागतो. तिकडे सगळे आपापले खिसे चाचपून राहिले आहेत.