जाळ्यात ठेवलेली कात्री

नमस्कार, श्रोतेहो. परवा मिरकरवाडा बंदरावरचे एक तांडेल काका, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, तपासणीला आले. रक्तदाब १६० वर १००. रिपोर्टचा कागद पुढे करत म्हणाले, "साखर तर नाय ना, डॉक्टर? मग झालं!" उपाशीपोटीची साखर खरंच ९६ होती. मी टेप घेऊन त्यांचं पोट मोजलं. १०२ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० च्या आत हवा, बायकांचा ८० च्या.

काकांची साखर ताब्यात होती, पण ती इन्सुलिनच्या जिवावर. पोट सुटलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओतत राहतं. रक्तदाब असलेल्या पुष्कळांचं असंच असतं. जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ साली रक्तदाब आणि या जादा इन्सुलिनचं नातं ठळकपणे मांडलं.

या जादा इन्सुलिनचा रक्ताच्या गुठळीशीही संबंध आहे, आता तिकडे वळू. काकांना मी जाळ्याचंच उदाहरण दिलं. गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं, त्यात रक्तपेशी अडकतात मासळीसारख्या. पण निसर्गाची किमया अशी, की जाळं विणतानाच त्यात कात्रीही ठेवलेली असते, मिटलेली. तिचं नाव प्लाझ्मिनोजेन. रक्तवाहिनीच्या अस्तरातून टीपीए नावाचं द्रव्य येतं, कात्री उघडतं आणि काम झालेली गुठळी विरघळते. या टीपीएला अडवतो पीएआय-१ नावाचा रक्तातलाच दुसरा पदार्थ. तोही लागतोच, नाहीतर जखम भरायच्या आत गुठळी सुटेल. पण इन्सुलिनची पातळी कायम चढी असलेल्या माणसांत तो जास्त सापडतो. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींना इन्सुलिन दिलं, तर त्या पीएआय-१ जास्त बनवतात. पोटावरची चरबीही तो बनवते. रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन त्यात भर घालतं. म्हणजे दाबाने वाहिनीचं अस्तर दुखावलेलं, आणि तिथे गुठळी धरली तर कात्री उघडायला अडचण.

हा पीएआय-१ पहाटे सर्वांत जास्त असतो, होड्या सुटायच्या वेळेला. हार्ट अटॅकचं प्रमाणही सकाळीच जास्त दिसतं.

हे ऐकून कुणी इन्सुलिनचं इंजेक्शन बंद करू नका, हात जोडून सांगते! ज्यांना ते लागतं, त्यांचा जीव त्यावर आहे. मी बोलतेय ते शरीर स्वतः ओतत असलेल्या जादा इन्सुलिनबद्दल. वजन उतरलं, रोज चालणं झालं, की इन्सुलिन खाली येतं आणि पीएआय-१ सुद्धा. दाबाची गोळी चुकवायची नाही, खारवलेला बांगडा रोज ताटात नको, हे तर आहेच.

आणि पहाटे छाती आवळली, घाम फुटला, तोंड वाकडं झालं किंवा हातातली ताकद गेली, तर "गॅस झाला" म्हणून ओवा चघळत बसू नका. दवाखान्यात गुठळी विरघळवायला देतात ते इंजेक्शन बहुधा याच टीपीएच्या जातीचं असतं. मेंदूतल्या गुठळीसाठी ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या खाडीपलीकडच्या वाड्यांतून निघायलाच तास जातो. १०८ ला फोन करा, तेव्हाच्या तेव्हा.